साडेआठ व्होल्ट

"इस्त्री चालू राहिली, बाई जेवायला गेली, खोली पेटली. एवढं सरळ प्रकरण आहे. तुम्ही फक्त दोन ओळी लिहा आणि खाली सही करा," इंजिनियर साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी फाइल घेतली नाही. हॉस्पिटलच्या धुलाई विभागातल्या जळक्या इस्त्रीखोलीत ते उभे होते. पायाखाली काळा चिखल होता, वर छताची लाकडी पट्टी अर्धी लोंबत होती आणि ओल्या राखेचा वास नाकात बसत होता. खोलीत तीन टेबलं, प्रत्येकावर एक इस्त्री. दोन इस्त्र्या उभ्या होत्या. तिसरी, दाराजवळच्या टेबलावरची, घोंगडीवर पालथी पडली होती. सगळी बोटं त्या पालथ्या इस्त्रीकडे रोखलेली होती, कारण ते टेबल आक्काचं होतं.

मास्तर वाकले आणि त्यांनी ती इस्त्री उचलली. आजूबाजूची घोंगडी काळीठिक्कर पडली होती, पण इस्त्रीच्या तळाखाली इस्त्रीच्याच आकाराचा एक स्वच्छ करडा तुकडा शिल्लक होता.

"हे बघा साहेब. इस्त्री तापलेली असती, तर सगळ्यात आधी तिच्याखालची जागा जळाली असती. इथं तीच तेवढी वाचली. म्हणजे इस्त्री थंड होती. आग टेबलापर्यंत यायच्या आधीच कशाचा तरी धक्का लागून ती आडवी झाली असणार."

"असं तुम्हाला वाटतं."

"मला वाटत नाही. मला दिसतंय."

मास्तर या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं वायरमन होते. 'मास्तर' हे नाव त्यांना पडलं ते गणितं करायच्या सवयीमुळे. कुठलाही बोर्ड उघडला की ते व्होल्टेज मोजत, करंट मोजत आणि शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं लगेच भागाकार-गुणाकार मांडत. भागाकारानं रेझिस्टन्स, गुणाकारानं पॉवर. रंगारी दर दोन वर्षांनी त्या भिंती रंगवत आणि मास्तरांच्या नावानं बोटं मोडत. बाकीचे वायरमन वास घेऊन, हात लावून, कधी कधी नुसतं नशिबावर हवाला ठेवून दुरुस्त्या करत. मास्तर आकडा आल्याशिवाय तोंड उघडत नसत, आणि एकदा उघडलं की मागे घेत नसत. यामुळे ते थोडे आढ्यताखोर वाटत. थोडे होतेही.

"चौकशीला मुख्य कार्यालयातून मॅडम येताहेत, दहा दिवसांनी," साहेबांनी फाइल बगलेत मारली. "तोपर्यंत काय दिसतं ते बघून ठेवा. पण मास्तर, उगाच वाढवू नका."

*

आक्का बावीस वर्षं इस्त्री करत होती. डॉक्टरांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणत. आग लागली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि ती मागच्या पायरीवर डबा खात होती. धूर दिसताच ती आत घुसली आणि नवजात बाळांच्या कपड्यांची गाडी तिनं एकटीनं बाहेर ओढली. गाडीचा लोखंडी दांडा तोवर तापला होता. उजव्या तळव्याची कातडी त्या दांड्याला चिकटून राहिली. हॉस्पिटलनं तिच्या हाताला पट्टी बांधली आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं.

मास्तर तीन दिवसांनी ड्यूटी संपवून तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. आक्का खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती दाराआड उभी राहिली.

"आक्का, जेवायला जाताना इस्त्री बंद केली होती ना?"

"केली असणार."

"असणार म्हणजे?"

"मास्तर, मी बावीस वर्षं रोज एक वाजता ते बटण बंद करते. रोज करते म्हणून त्या दिवशीचं वेगळं असं काही आठवतच नाही. पहिले दोन दिवस मी छातीठोक सांगत होते, केलं म्हणून. आता इतक्या लोकांनी इतक्या वेळा विचारलं, की माझं मलाच कळेनासं झालंय." तिनं पट्टीची सुटलेली कड दाबून बसवली. "कदाचित राहिली असेल चालू. वय होतंय माझं."

सून दाराआडून म्हणाली, "मास्तरकाका, या आता उठून उठून घरातले स्विच बघत बसतात. पंख्याचा, दिव्याचा. बंद आहे ते बघतात, जाऊन बसतात, परत उठतात. आधी मला हसू आलं. आता नाही येत."

आक्कानं तिला गप्प केलं नाही. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही आठवायचं सोडून द्या, आक्का. आठवणीवर माझा तसाही भरवसा नाही. तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. मी मोजतो."

"जळून राख झालेलं काय मोजणार?"

"इस्त्री आहे अजून. तिथून सुरुवात करू."

*

इस्त्री दोन दिवस उन्हात वाळवली. मास्तरांनी तिला नवी वायर जोडली आणि वर्कशॉपच्या बाकावर ठेवून बटण दाबलं. मीटर वाचायला समोर ताई होती. ताई म्हणजे वीज विभागातली दुसरी वायरमन, बत्तीस वर्षांची, परवाना मिळून चार वर्षं झालेली. बोलायला फटकळ, पण हाताला सफाई होती, आणि मास्तरांना ती त्यासाठीच आवडे.

"व्होल्टेज दोनशे तीस. करंट चार पूर्णांक तीन," ताई म्हणाली.

"भाग."

"साडेत्रेपन्न ओहम."

"गुण."

"नऊशे एकोणनव्वद. हजार वॅटची आहे, तेवढीच भरली. मास्तर, इस्त्री ठणठणीत आहे. हिला काही झालेलं नाही."

"मग इस्त्रीत शॉर्ट झाला असेल, ही शंका गेली. ती चालू नव्हती हे घोंगडीनं सांगितलं. आग वरून आली. दाराच्या वर, पट्टीजवळ लाकूड सगळ्यात खोल जळलंय. तिथं वायरींच्या जोडाची डबी होती. आता तिथं नुसतं भोक आहे."

"भोक कसं मोजणार?"

मास्तर हसले. "जुळं असलं की एकाचं तोंड बघून दुसऱ्याचं सांगता येतं. चल."

धुलाई विभागात इस्त्रीच्या दोन खोल्या होत्या. समोरासमोर, सारख्या मापाच्या, एकाच आठवड्यात वायरिंग झालेल्या. मोठं काम सगळं जळालेल्या खोलीत चाले. दुसऱ्या खोलीत एक इस्त्री कशीबशी चालू असे, डॉक्टरांच्या कोटांसाठी. मास्तरांनी आणखी दोन इस्त्र्या मागवून तिथं लावल्या आणि तिन्ही एकदम चालू केल्या. ताईला त्यांनी बोर्डाशी उभं केलं आणि स्वतः खोलीतल्या सॉकेटपाशी बसले.

"तुझ्याकडे किती?"

"दोनशे तीस. तुमच्याकडे?"

मास्तरांनी मीटरच्या सुया काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या.

"दोनशे अठरा."

"बारा व्होल्ट गेले कुठं?"

"करंट सांग."

"बारा पूर्णांक चार अँपियर."

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर आकडे मांडले. बोर्डापासून इथपर्यंतची वायर किती लांब, किती जाड, तिला साडेतीन व्होल्ट लागावेत. ते तिनं खाल्ले असतील. पण मग उरलेले साडेआठ वाटेत कुणीतरी खात होतं. वाटेत एकच जागा होती. दाराच्या वर, छताच्या पट्टीला चिकटलेली, तळहाताएवढी जोडाची डबी.

त्यांनी शिडी लावली. वर चढून झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण उघडताच गरम वाफ तोंडावर आली. आत दोन वायरी एकमेकींना पिळून जोडलेल्या होत्या. वर काळी टेप. टेप वितळून गोळा झाली होती, पण तिचे पदर अजून दिसत होते. ते उलटे होते. सगळं जग टेप डावीकडून उजवीकडे गुंडाळतं, आणि मास्तर डावखुरे होते.

खालून ताईनं विचारलं, "काय आहे?"

मास्तरांनी मीटरची एक सुई जोडाच्या अलीकडे टोचली आणि एक पलीकडे. आकडा स्थिर झाला. साडेआठ.

त्यांना सगळं आठवलं. आठवणीवर भरवसा नसलेल्या माणसाला तो दिवस लख्ख आठवला. अकरा वर्षांपूर्वी धुलाई विभाग या इमारतीत हलवला, तेव्हा चार दिवसांत वायरिंग उरकायचं होतं. शेवटच्या संध्याकाळी वायरीचं भेंडोळं दोन्ही खोल्यांत दाराशी येऊन संपलं. पुढचा तुकडा जोडायला पितळी कनेक्टर हवे होते आणि ते स्टोअरमध्ये शिल्लक नव्हते. मास्तरांनी वायरी पिळल्या, टेप मारली आणि डबी बंद केली. आठवड्यात कनेक्टर आले की बदलू, असं ते स्वतःलाच म्हणाले. कनेक्टर आले. त्या आठवड्यात ऑपरेशन थिएटरचं काम निघालं. नंतर एकदा आठवण झाली, तेव्हा इस्त्र्या झकास चालत होत्या. चालतंय त्याला कशाला हात लावा, म्हणून सोडून दिलं. तिसऱ्यांदा आठवण झालीच नाही.

आणि नेमकी तीच एक भिंत होती, जिथं त्यांनी तेव्हा काम संपवताना पेन्सिलीनं काही लिहिलं नव्हतं.

"मास्तर?" ताई शिडीच्या तळाशी आली होती.

"इस्त्र्या बंद कर," मास्तर म्हणाले. "बोर्डावरून पण बंद कर. आणि लिहून घे. जोडावर साडेआठ व्होल्ट, करंट बारा पूर्णांक चार."

"जोड कुणाचा आहे?"

"माझा."

ताईची पेन्सिल कागदावर तशीच राहिली. मग तिनं आकडे लिहिले आणि खाली तारीख घातली.

*

इंजिनियर साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज उतरवला.

"तुम्ही हे मला सांगितलंत ते बरं केलंत. आता माझं ऐका. ती डबी आजच बदला. नवा कनेक्टर टाका. मॅडमना आपण सांगू, वायरिंग जुनं झालं होतं. जुनं होणं हा कुणाचा गुन्हा नाही. आक्काही सुटेल आणि तुम्हीही."

"वायरिंग जुनं झालेलं नाही, साहेब. ती वायर आणखी वीस वर्षं चालेल. जोड खराब आहे."

"अहो, तेच ते."

"तेच ते नाही. वायरिंग जुनं झालं म्हटलं, तर तुम्ही सगळी वायर बदलाल आणि बाकीचे जोड तसेच ठेवाल."

"बाकीचे म्हणजे?"

"त्या काळात मी एकट्यानं बरीच कामं केली. कुठं कनेक्टर टाकले आणि कुठं नाही, ते आज मी शपथेवर सांगू शकत नाही. उघडून मोजावं लागेल."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. "सव्वीस वर्षांची नोकरी आहे तुमची, मास्तर."

"म्हणून तर डबी जशीच्या तशी ठेवली. करंट तोडलाय. मॅडम आल्या की त्यांच्यासमोर उघडू."

घरी बायकोला त्यांनी जेवताना सांगितलं. बायको शाळेत शिवण शिकवायची आणि नवऱ्याच्या हुशारीचं कौतुक तिला बेताचंच होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कुणी मेलं नाही ना?"

"नाही. आक्काचा हात भाजला."

"साहेब म्हणाले तसं केलं असतं, तर काय झालं असतं?"

"काही नाही. कुणाला कळलं नसतं."

"आणि तुम्ही इथं बसून जेवला असता?"

मास्तरांनी विचार केला. "जेवलो असतो बहुतेक. अकरा वर्षं जेवतोच आहे."

ती उठली, पाण्याचा तांब्या आणला, त्यांचं भांडं भरलं. "मग सांगा जे आहे ते. पण ते गणित करतानाचं तोंड करून सांगू नका. ते तोंड लोकांना आवडत नाही."

*

चौकशीच्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि शांत होत्या. त्यांनी आधी साहेबांचं ऐकलं, मग आक्काचं. आक्का पट्टी बांधलेला हात पदराखाली घेऊन उभी होती. तिनं घरी सांगितलं होतं तेच सांगितलं. बटण बंद केलं असणार, नक्की आठवत नाही. मॅडमनी तेही जसंच्या तसं लिहून घेतलं. मग मास्तर पुढे झाले.

"मॅडम, तुमच्याकडे कॅल्क्युलेटर आहे?"

"आहे."

"मग आकडे मी देतो, गणित तुम्ही करा. मी केलं तर माझं गणित म्हणतील."

त्यांनी सगळ्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. तिन्ही इस्त्र्या चालू केल्या. ताई शिडीवर चढली, झाकण उघडलं आणि मीटर मॅडमना दिसेल असं धरलं.

"जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती?"

"साडेआठ व्होल्ट," मॅडमनी वाचलं.

"आणि वायरीतून करंट जातोय बारा पूर्णांक चार. व्होल्टेजला करंटनं भागा."

"शून्य पूर्णांक सहा आठ."

"हा त्या जोडाचा रेझिस्टन्स. दिसायला क्षुल्लक. पण चांगल्या जोडात हा आकडा इतका छोटा असतो की माझं मीटर तो दाखवतसुद्धा नाही. आता तेच दोन आकडे गुणा."

मॅडमनी बटणं दाबली. "एकशे पाच."

"एकशे पाच वॅट. शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याला कधी चालू असताना हात लावलाय?"

"भाजतो."

"तो दिवा या डबीत कोंबायचा, वर टेप गुंडाळायची, डबी लाकडाला चिकटवायची आणि सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत चालू ठेवायचा. रोज. समोरच्या खोलीत हेच चाललं होतं. असा जोड तापून तापून हळूहळू खराब होत जातो, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. आक्कानं एक वाजता इस्त्री बंद केली तेव्हा लाकूड आतून धुमसत होतं. ज्वाळा दीडला दिसल्या."

साहेबांनी घसा साफ केला. "मग बोर्डावरचा एमसीबी का पडला नाही? काही बिघडलं की तो पडतो."

"तो करंट वाढला तर पडतो, साहेब. इथं करंट वाढलाच नाही. जोडानं अडवल्यामुळे उलट अर्धा अँपियर कमी झाला. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं."

मॅडम डबीकडे बघत होत्या. "दोन्ही खोल्यांत सारखेच जोड होते म्हणता. मग ही खोली का नाही जळाली?"

मास्तरांना हा प्रश्न आवडला. बायकोनं बजावलं होतं ते तोंड त्यांच्या चेहऱ्यावर आलंच. "कारण इथं एरवी एकच इस्त्री चालते. करंट एक तृतीयांश. पण करंट एक तृतीयांश झाला की जोडातली उष्णता एक नवमांश होते. बारा वॅट. त्यानं टेप काळी पडते, पेट घेत नाही. तिथं तिन्ही चालायच्या." त्यांनी ताईला खूण केली. "बंद कर आता. फार वेळ नको."

इस्त्र्या बंद झाल्या. खोलीत नुसता गरम रबराचा वास राहिला.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, मग मान वर केली. "हा जोड कुणी केला?"

"मी. दोन्ही मीच केले. अकरा वर्षांपूर्वी. कनेक्टर नव्हते म्हणून पिळून केले आणि नंतर बदलले नाहीत. नंतर कनेक्टर आले होते, तेही लिहा."

आक्का दाराशी उभी होती. तिनं डबीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. पदराखालचा हात तिनं हळूच बाहेर काढला आणि ती पाठमोरी होऊन निघून गेली.

*

निकाल आठवड्यात आला. आक्काला त्याच दिवशी कामावर घेतलं. मास्तरांचा वायरमनचा परवाना एका वर्षासाठी स्थगित झाला. नोकरी राहिली, पण वर्षभर कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही आणि शिडीवर चढायचं नाही. वीज विभागाची जबाबदारी ताईकडे गेली. मास्तरांनी हुकूम दोनदा वाचला आणि खाली सही केली. सही करताना त्यांनी एकच विचारलं, जुने सगळे जोड उघडून मोजायचं कलम यात का नाही. साहेबांनी ते कलम हातानं लिहून घातलं.

आक्का दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या दारात आली. पट्टी निघाली होती. तळव्यावर गुलाबी, चकचकीत कातडी आली होती.

"बसा, आक्का."

"बसायला नाही आले." ती उंबऱ्यावरच राहिली. "तुम्ही खरं सांगितलंत, त्याबद्दल सगळे तुमचं कौतुक करताहेत. आमची सूनसुद्धा. मला म्हणते, जाऊन दोन शब्द बोलून या."

मास्तर बाकावरून उठून उभे राहिले.

"मी अठरा दिवस घरातले स्विच चाचपत होते. मला वाटत होतं, माझं डोकं चळलं. बाळांचे कपडे माझ्यामुळे जळाले असते, बाळांच्या खोलीपर्यंत आग गेली असती, हे डोक्यातून जाईना. आणि त्या डबीखाली मी अकरा वर्षं उभी होते, मास्तर. रोज पाच तास. बरोबर खाली. माझं टेबल तुम्हीच तिथं लावून दिलं होतं, उजेड चांगला येतो म्हणून."

"चूक माझी आहे, आक्का."

"ते कळलं मला. कागदावर आहे, मी वाचलं." तिनं तळवा मिटून बघितला. अजून पूर्ण मिटत नव्हता. "तुम्ही मोजायला गेला नसतात तर?"

"तर तुमच्या नावावर राहिलं असतं."

"ते नाही म्हणत मी. तो दुसरा जोड तसाच राहिला असता. आता मला त्या खोलीत बसवलंय."

आक्का वळली आणि गेली. तिनं आभार मानले नाहीत, आणि मास्तरांना ते बरं वाटलं.

*

पुढचा दीड महिना ते आणि ताई हॉस्पिटलभर फिरत होते. मास्तरांनी आठवून आठवून यादी केली होती: एकूण एक्केचाळीस डब्या. मास्तर शिडी खांद्यावर घेत, जागेवर लावत आणि खाली धरून उभे राहत. ताई वर चढे, झाकण उघडे आणि आकडे ओरडून सांगे. मास्तर खालून भागाकार करत. पहिले दोन दिवस ओळखीचे लोक थबकून बघत. सव्वीस वर्षं ज्यांना शिडीच्या वरच्या पायरीवर पाहिलं, ते खाली कसे, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर असे. मास्तर स्वतःच सांगत, "परवाना काढून घेतलाय एक वर्ष. जोड खराब केला होता." इतक्या सहज सांगत की विचारणाराच ओशाळे.

एक्केचाळीसपैकी तीन जोड पिळलेले निघाले. एक रक्तपेढीच्या बोळात, एक स्वयंपाकघरात आणि एक क्ष-किरण विभागाच्या मागे. स्वयंपाकघरातला कोमट होता. तिन्ही जोड ताईनं कापून काढले आणि पितळी कनेक्टर टाकले. तिसरा काढला तेव्हा ती वरून म्हणाली, "मास्तर, बाकीचे अडतीस बघण्यासारखे आहेत हं. असं काम मला जमेल की नाही कोण जाणे."

"जमेल. तुला घाई करायची सवय नाही."

यादीबाहेरची, शेवटची डबी धुलाई विभागाच्या दुसऱ्या खोलीतली होती. तिथला जोड ताईनं निकालाच्या आदल्या दिवशीच बदलला होता आणि मगच खोली चालू झाली होती, पण पूर्ण करंटवर मोजून खात्री करायची राहिली होती. ते गेले तेव्हा आक्का काम करत होती. दुसऱ्या दोघी बायकांनी टेबलं आपापल्या जागी लावली होती. आक्काचं टेबल मात्र पार आतल्या कोपऱ्यात होतं, जिथं उजेड येत नव्हता. डबीखालची, खिडकीच्या उजेडातली जागा मोकळी होती. आक्का चादर डोळ्यांजवळ धरून सुरकुत्या शोधत होती.

"तिन्ही चालू ठेवा," मास्तरांनी सांगितलं.

त्यांनी मोकळ्या जागेत शिडी लावली. फरशी ओली होती, म्हणून एक पाय खालच्या पायरीवर ठेवून दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले. ताई वर चढली.

"करंट बारा पूर्णांक आठ. जोडावर शून्य पूर्णांक शून्य तीन."

मास्तरांनी मनात गुणाकार केला. मग पुन्हा केला.

आक्काची इस्त्री थांबली होती. तिनं मान न वळवता विचारलं, "किती आलं?"

"अर्धा वॅटसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, आक्का. हात लावला तर कळणारसुद्धा नाही."

आक्कानं वर डबीकडे बघितलं, बराच वेळ. मग बटण बंद केलं, बोट बटणावर तसंच ठेवून एक क्षण थांबली, आणि इस्त्री उभी करून ठेवली. टेबलाची कड डाव्या हातानं धरून ती ते खिडकीच्या उजेडाकडे, शिडीच्या दिशेनं ओढू लागली. टेबल जड होतं. ओल्या फरशीवर त्याचे पाय करकरत, थोडं थोडं सरकत होते.

मास्तरांना पुढे होऊन दुसरी बाजू उचलायची होती. पण वर ताई अजून झाकणाचे स्क्रू बसवत होती, आणि शिडीवर माणूस असताना शिडी सोडायची नसते. ते तसेच दांडे धरून उभे राहिले आणि टेबल जवळ येताना बघत राहिले.